शिदोरीतला गिअरबॉक्स

गंगाखेडचे माझे व्याही अजूनही सांगत फिरतात की माझ्या आवारात उभी असलेली लाल गाडी त्यांची आहे. गाडी माझी आहे. तिचा गिअरबॉक्स तेवढा त्यांच्याकडचा आहे, आणि तोही माझ्याकडे चोरून आलेला नाही. हळदीकुंकू लावून, चार शेजारणींच्या देखत, रीतीप्रमाणे आलेला आहे. तरी हा माणूस लग्नात, बारशात, मयतीत, जिथं चार डोकी दिसतील तिथं म्हणतो, "आमच्या जिवावर चालायली ती." म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतो. वाचणाऱ्यानंच ठरवावं.

माझा धंदा जुन्या ट्रॅक्टर-ट्रकच्या सुट्या भागांचा. हातगाड्यावर भंगार गोळा करण्यापासून सुरुवात केली, आज परभणीच्या बाहेर पत्र्याचं कुंपण घातलेलं माझं आवार आहे. शिक्षण फारसं नाही, पण भाव करण्यात मला हरवणारा माणूस अजून भेटायचा आहे. लोक म्हणतात माझं डोकं लवकर तापतं. तापतं. त्याचा फायदा असा की समोरचा माणूस सौदा लवकर आटोपतो.

ही गाडीही अशीच एका सौद्यात आली. कापसाचं एक बंद पडलेलं जिनिंग मी यंत्रांसकट उचललं, तर गोदामाच्या मागच्या भिंतीशी, सरकीच्या कुजक्या पोत्यांआड ही उभी. परदेशी, बुटकी, छप्पर मागं दुमडणारी, शर्यतीच्या घाटाची गाडी. कंपनीचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की लोक किंमत विचारतात आणि मग माझं डोकं तापतं.

ट्रॅक्टरमागं बांधून घरी आणली तेव्हा बायको अंगणात तूरडाळ पाखडत होती. सूप हातात तसंच धरून तिनं गाडीभोवती एक फेरी मारली.

"मागं कोण बसतंय हिच्यात?"

"कुणीच न्हाई. मागं जागाच न्हाई. दोनच शिटा हायत."

"मंजी आपण दोघंच?"

"दोघंच."

ती हसली. कोणाला यात विशेष वाटणार नाही, पण लग्न झाल्यापासून आम्ही दोघं असे कुठं गेलोच नव्हतो. वरातीच्या जीपमध्येसुद्धा माझी आत्या आमच्या मध्ये बसली होती. पुढं टेम्पो घेतला, तर केबिनमध्ये हमाल. मोठी गाडी घेतली, तर मागं सासू, मेव्हणे, भाच्या, कोणाचं तरी दुखणं, कोणाचं तरी बिऱ्हाड. पोखर्णीच्या नरसिंहाला जायचं म्हटलं तरी गाडीत श्वास घ्यायला जागा नसायची.

"मंग चालू करा की," ती म्हणाली. "एखाद्या शनिवारी पोखर्णीला जाऊ. दोघंच."

एवढंच मला करायचं होतं. पुढचं सगळं रामायण या एका गोष्टीपायी घडलं.

इंजिन सुरू झालं. धूर ओकत, खोकत, पण झालं. गाडी मात्र जागची हलेना. माझा मिस्त्री खाली शिरला, त्यानं गिअरबॉक्स उतरवला आणि डाळिंबाचे दाणे काढावेत तसे त्यातले दाते काढून परातीत ठेवले. त्या सालाचा दुसरा गिअरबॉक्स शोधायला मी मुंबईपासून हैदराबादपर्यंत फोन लावले. लोक हसायचे. एकानं तर विचारलं, परभणीत असल्या गाडीचं करता काय? मी त्याला जे उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आणि गंमत बघा, अख्ख्या जिल्ह्यात तसली दुसरी गाडी एकच होती, आणि ती माझ्या व्याह्यांकडे होती.

व्याही ऊस वाहतुकीचे ठेकेदार. लेकीच्या साखरपुड्याला आमच्याकडे आले तेव्हा ताडपत्री उचलून त्यांनी माझी गाडी बघितली होती. लग्नाच्या मांडवासमोर उतरले ते तसल्याच गाडीतून. हैदराबादहून आणलेली. मॉडेल तेच, फक्त काही वर्षांनी नवं. "तुमची चार गिअरची, आमची पाच गिअरची," हे त्यांनी अक्षता पडायच्या आधी माझ्या कानात सांगितलं. लेकीचा बाप होतो, गप्प बसलो. पण ते मनात राहिलं.

त्याच हंगामात त्यांची उसाची एक ट्रॉली साखर कारखान्याच्या वाटेवर चिखलात रुतली. ट्रॅक्टर ऐनवेळी बंद. कोणीतरी टोमणा मारला, "मालक, येवढी ताकदीची गाडी म्हणता, एक ट्रॉली तर वढून दाखवा." यांनी खरंच साखळी लावली. ट्रॉली होती तिथंच राहिली. गाडीच्या मागून ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा आवाज झाला आणि त्यांचं डिफ्रेन्शल गेलं.

डिफ्रेन्शल म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला लोखंडी गोळा. इंजिन गिअरबॉक्स फिरवतं, गिअरबॉक्समधून निघालेला लांब दांडा या गोळ्यात येतो, आणि गोळा चाकं फिरवतो. माझा गिअरबॉक्स गेलेला, गोळा चांगला. त्यांचा गोळा गेलेला, गिअरबॉक्स चांगला. दोन मेलेल्या गाड्यांमधून एक जिवंत गाडी होणार होती. एकच. प्रश्न एवढाच होता, कोणाच्या दारात?

दुसरा कोणी असता तर मी त्याला चहा थंड व्हायच्या आत गुंडाळला असता. पण हे व्याही. लेकीच्या सासरचं काही घ्यायचं नाही, तिला मूलबाळ होईपर्यंत तर तिथलं पाणीही प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत, आणि बायको ती कडक पाळते. मी गंगाखेडला जातो तो स्वतःची बाटली घेऊन. व्याही माझ्यासाठी समोरच्या हॉटेलातून चहा मागवतात आणि पैसे मी देतो. अशा ओसरीत बसून "इवाई, गिअरबॉक्सचं काय घ्याल?" असं म्हणायला तोंड कुठून आणायचं? त्यांना मात्र काहीच अडचण नव्हती. आमच्या सगळ्या रीती एकाच उताराला वाहतात, मुलीच्या बापाकडून मुलाच्या बापाकडे.

त्यात आला धोंड्याचा महिना. लेक-जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, आणि जावई मागेल ते वाण द्यायचं. व्याहीही जोडीनं आले. ताटं झाली, कुंकू झालं, आणि मी रीतीप्रमाणे विचारलं, "बोला जावईबापू, मनमोकळं मागा." मला वाटलं अंगठी मागतील. जावयानं बापाकडे बघितलं. बापानं पंख्याकडे बघितलं.

"मामा, तेवढं तुमच्या लाल गाडीचं डिफ्रेन्शल..."

व्याही पंख्यालाच म्हणाले, "पोराची हौस हाय, इवाई. आमी काय शिकवलं न्हाई."

माझ्या कानशिलातली शीर उडायला लागली. बायकोनं पाठीमागून बोट टोचलं. मी म्हणालो, "दिलं. पण खोलायला येळ लागतो. पंचमीला लेक माहेरी येईल, तवा येऊन घेऊन जा."

नंतर मी बायकोला सहज विचारल्यासारखं विचारलं, मुलाच्या घरून मुलीच्या घरी येणारी, आणि लाज न वाटता ठेवून घेता येणारी एखादी वस्तू आहे का गं?

ती म्हणाली, "शिदोरी. लेक सासरहून येताना आणती ती. का हो?"

"काही न्हाई."

दुसऱ्या दिवशी लेकीला फोन लावला. ती पोरगी माझ्यावर गेलेली आहे, तिला अर्धं सांगितलं तरी पुरतं.

"अण्णा, शिदोरीत करंज्या असत्यात."

"करंज्याच्या खाली काय हाय ते कोण बघतंय?"

"लय जड हाय ते."

"तुज्या नवऱ्याला उचलायला लाव. माज्या दारातून वाण न्यायला येणारच हाय की तो."

ती म्हणाली, "सासूबाईला सांगूनच आणते. मामंजीनं गोळा काढताना ते बी खोलून वसरीत आणून ठेवलंय, दिसभर तेल गळायलंय. फरशी पुसून त्या बेजार झाल्यात."

पंचमीला टेम्पो दारात आला. पुढं व्याही उतरले आणि सरळ आवारात माझ्या गाडीच्या मागं जाऊन उकिडवे बसले, आपलं वाण बघायला. मागून जावई आणि ड्रायव्हर बांबूचा एक मोठा हारा घेऊन निघाले. वर लाल खणाचं कापड. हारा एका बाजूला कलंडला होता आणि जावयाच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या.

लेकीची शिदोरी एकट्यानं खायची नसते, शेजारी वाटायची असते. शेजारणी आधीच ओट्यावर बसल्या होत्या. हारा उंबऱ्याच्या आत आला, एकीनं कापड बाजूला केलं, करंजी उचलली आणि तिथंच थबकली.

"अगं बया, हे खाली काय ग?"

"शिदोरी," माझी लेक म्हणाली.

"लोखंडाची?"

"सासूबाईनी दिली. कुंकू बी त्यांनीच लावलंय."

खरंच लावलं होतं. गिअरबॉक्सच्या झाकणावर हळदीकुंकवाची दोन बोटं होती. दुसरी शेजारीण करंजी हुंगून म्हणाली, "ग्रीसचा वास यायलाय." पहिलीला वेगळीच काळजी लागली होती. "आता हे वाटायचं कसं?"

गलका ऐकून व्याही आत आले. हाऱ्यात बघितलं. तोंडाचा रंग गेला.

"हा आमचा गिअरबॉक्स हाय."

"होता," मी म्हणालो. "आता लेकीची शिदोरी हाय. न्यायची तर न्या, इवाई. सुनेची शिदोरी तिच्या माहेरातून उचलून नेली, असं लोक म्हणतेन, दुसरं काय."

शेजारणी करंज्या हातात धरून त्यांच्याकडे बघत होत्या. व्याह्यांनी खणाचं कापड हाऱ्यावर परत ओढलं. मग म्हणाले, "बरं. मंग आमचं वाण काढा. धोंड्याचा शब्द हाय तुमचा."

"मी शब्द मोडत न्हाई." मी त्यांना आवारात नेलं. चेनपुलीला एक डिफ्रेन्शल टांगून तयार होतं. धुऊन, निळा रंग मारून, वर झेंडूची माळ घालून. ते ट्रॅक्टरचं होतं. माझ्या गाडीच्या गोळ्याचे त्यात तीन तरी झाले असते.

"हे काय?"

"तुमच्या गाडीचं ट्रॉली वढताना फुटलं. माजं बी तसलंच नाजूक हाय, म्हन्लं पुन्हा फुटल. जावयाला द्यायचं तर चांगलंच द्यावं. आता दोन ट्रॉल्या लावा."

हलकं दिलं असतं तर व्याही बोलू शकले असते. जड दिल्यावर काय बोलणार? त्यात जावई खाली वाकून बघत म्हणाला, "पप्पा, आपल्या बंद ट्रॅक्टरला बसतंय की हे!" व्याह्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो टेम्पोचं फळकं उघडायला पळाला. टेम्पो गंगाखेडच्या रस्त्याला लागला तेव्हा मागची चाकं दबलेली होती आणि झेंडूची माळ वाऱ्यावर उडत होती.

मला वाटलं, जिंकलो. पण एका सालाचं पोट आणि दुसऱ्या सालाचं काळीज एकमेकांना लगेच ओळखत नाहीत. त्यांचा गिअरबॉक्स पाच गिअरचा, म्हणून लांब. माझा दांडा कापून वेल्डिंग करून घ्यावा लागला. क्लचप्लेटचे दाते जुळेनात, तेव्हा मिस्त्रीनं दोन प्लेटा फोडून एक केली. एवढं करून दांडा लावला, तर तो तिरका बसला. नव्या गिअरबॉक्सचं शेपूट वर, आणि माझ्या डिफ्रेन्शलचं तोंड खाली. इंजिन चालू केलं की दांडा गाडीच्या तळाला धाडधाड आपटायचा.

मिस्त्री स्वतःवर फार खूश असणारा माणूस. दोन दिवस त्यानं गाडीखाली बिड्या ओढल्या आणि मग बाहेर येऊन म्हणाला, "शेठ, गोळा पालथा घालतो. खालचं तोंड वर यील, दांडा सुतासारखा सरळ."

"घाल."

घातला. दांडा खरंच सुतासारखा सरळ झाला. आम्ही दोघंही वाकून कितीतरी वेळ त्याकडे बघत राहिलो.

शनिवार ठरला. मी मुद्दाम व्याह्यांना सहकुटुंब बोलावलं. बघू द्या म्हटलं. बायकोनं हिरवी साडी नेसली. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. मी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी झपाट्यानं मागं गेली. मागं व्याही उभे होते. या वयात माणूस एका उडीत ओट्यावर चढतो हे मी तेव्हा पाहिलं.

"शेठ, रिव्हर्स पडला!" मिस्त्री ओरडला.

मी दुसरा टाकला. गाडी आणखी जोरात मागं गेली आणि पत्र्याच्या कुंपणाला पोक आला. तेव्हा मिस्त्रीच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. गोळा पालथा घातला की चाकं उलटी फिरतात.

"मंग आता?"

"आता रिव्हर्स टाकून बघा."

रिव्हर्स टाकला. गाडी घों घों करत पुढं निघाली, गाभण म्हशीच्या चालीनं.

ओट्यावर व्याह्यांना इतका आनंद झाला की त्यांना बसावं लागलं. "पाच गिअर माघारी जायला आन एक फुडं! इवाई, हिला आमच्याकडं वापस यायचंय!"

मी पान्हा उचलला होता. मिस्त्रीला मारायचा की व्याह्यांना, हे ठरत नव्हतं. तेवढ्यात दार उघडल्याचा आवाज आला. बायको आत जाऊन बसली होती.

"चला."

"अगं, ही बैलगाडीगत जायली."

"जाऊ द्या. पोखर्णी कुठं पळून जायली?"

मोठ्या रस्त्यानं जाण्यात अर्थ नव्हता, म्हणून शेतांमधून जाणारी जुनी कच्ची वाट धरली. दोन्हीकडे कापूस, वर छप्पर उघडं. दोघंच. पण पायी चालणारा माणूस आमच्या पुढं जात होता, मग आम्हाला सोडणार कोण? मागं व्याह्यांची जीप आली. जीपमागं मोटारसायकलवर लेक आणि जावई. इंजिन तापेल म्हणून पाण्याचा कॅन घेऊन मिस्त्री पायी. थोड्या वेळानं व्याही जीपमधून उतरले आणि माझ्या दारावर हात ठेवून सोबत चालायला लागले.

"गिअरबॉक्सचा आवाज कसा गोड हाय, आयकायलाव का? आमचा हाय तो."

मी समोर बघत राहिलो.

"जरा डाव्या अंगानं घ्या. खड्डा हाय."

"दिसायलाय मला."

पलीकडून विहीणबाई आल्या, बायकोच्या मांडीवर फुटाण्याची पुडी ठेवून गुडघेदुखीचं बोलायला लागल्या. बायकोनं व्याह्यांपायी डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला होता, त्यामुळे मला तिचं तोंडही दिसत नव्हतं. एका आखाड्यावरचे, म्हणजे शेतघरातले, दोन म्हातारे उठून आले आणि मिरवणूक कशाची आहे असं विचारून तेही सोबत निघाले. व्याह्यांनी त्यांना गाडीची सगळी माहिती दिली. त्यात माझं नाव कुठंच नव्हतं.

इंजिन तापलं. थांबलो. मिस्त्रीनं पाणी ओतलं. सगळी मंडळी गाडीला टेकून फुटाणे खाऊ लागली.

बायको पदराआडून हळूच म्हणाली, "अहो, उलटी जोरात जाती ना ही?"

"जाती."

"मंग तोंड घराकडं करा हिचं."

मी तिच्याकडे बघितलं. मग सगळ्यांना बाजूला केलं आणि दोन-तीनदा पुढं-मागं घेत त्या अरुंद वाटेवर गाडी फिरवली. आता नाक मंडळींकडे, पाठ पोखर्णीकडे.

व्याही खूश झाले. "माघारी चालले? शहाणपणा हाय, इवाई."

मी पहिला टाकला. मग दुसरा. बायको शिटावर उलटी फिरून गुडघ्यांवर बसली, दोन्ही हातांनी शिटाची पाठ धरली आणि वाटेकडे बघत मला सांगू लागली. "सरळ. सरळ. जरा माज्याकडं घ्या. पुरे. आता तुमच्याकडं." तिच्या शब्दावर मी चाक फिरवत होतो. समोरच्या काचेत व्याही हात हलवत पळताना दिसत होते, मागं म्हातारे, कॅन घेतलेला मिस्त्री. सगळे धुरळ्यात आणि बघता बघता लहान. जीप बाजूनं काढता येईल एवढी ती वाट रुंद नव्हती, आणि जीपच्या पुढं येऊन मोटारसायकल आडवी लावून लेक उभी होती. ती मोटारसायकल तिनं का काढली नाही ते मी तिला अजून विचारलेलं नाही.

मी तिसरा टाकला. बायकोचा पदर कधीच खांद्यावर आला होता. ती मोठ्यानं हसत होती, आणि हसता हसता वाट सांगत होती.

एका बाभळीखाली थांबलो तेव्हा कापसात वारा तेवढा वाजत होता. ती सरळ होऊन बसली, केसांतला धुरळा झटकला.

"आले का?"

मी समोर बघितलं. वाटेच्या टोकाला मुंग्यांएवढं काहीतरी हलत होतं.

"न्हाई अजून."

"मंग बंद करू नका," ती म्हणाली, आणि पुन्हा शिटावर उलटी फिरली.